पाळण्याचा रंग आणि फुकटचा डबा

दिवाळी उलटून आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची भांडी आवरून मी जरा टेकले होते, तोच आमच्या वाडीतली एक सूनबाई दारात येऊन उभी राहिली. "जय भीम, ताई. झोपला नाहीत ना?" सातवा महिना लागलेला, चढावरून चालत आल्याने धाप लागलेली. तिला पाणी दिले, पंखा लावला. जरा दम खाऊन ती म्हणाली, "ताई, आमचा पाळणा पांढरा रंगवायचा आहे. सासूबाई हात लावू देत नाहीत. तुम्ही जरा येऊन सांगा ना त्यांना."

कर्जत-खालापूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये लाकडी पाळणा ही काही घरोघरी असणारी वस्तू नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांची पोरे आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढली आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण एखाद्या वाडीत असा पाळणा असतो आणि मग तो एका घराचा राहत नाही. हा पाळणा तसाच. या सुनेच्या आजेसासऱ्यांनी रेल्वेत गँगमन असताना पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून सुताराकडून करून घेतलेला. सागवानी लाकूड, चारी बाजूंनी उभ्या दांड्या, टांगायला चौकट. ज्या घरी बाळंतीण, त्या घरी पाळणा जायचा. मूल रांगू लागले की धुऊन-पुसून परत यायचा. माझी धाकटी मुलगी त्यातच झोपली.

मी गेले तेव्हा पाळणा पडवीत काढून ठेवलेला होता. मूळचे पॉलिश, चुलीचा धूर आणि किती तरी तेलकट हात यांनी तो काकवीसारखा काळपट झाला होता. आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, पाळण्याला टेकूनच बसल्या होत्या. "म्हाताऱ्याचा हात फिरलाय यावरून. त्याला चुना फासायचा म्हणते ही." सून म्हणाली, "चुना नाही हो आई, रंग. किती काळा दिसतो. वन्सं म्हणाल्या, काळ्या पाळण्यात पोर काळं निपजतं." आक्कांनी लगेच ऐकवले, "तुझा नवरा यातच वाढला. तो जसा आहे तसा तुला पसंत पडलाच की!" तिघीही हसलो.

हसण्यावारी गेले, पण ही गोष्ट तिथेच सोडण्यासारखी नाही. बाळाचा वर्ण आई-बापांकडून येतो, पाळण्याच्या पॉलिशवरून येत नाही. आणि काळा म्हणजे अशुभ, गोरा म्हणजे चांगला, हे वेड आपल्या घरात तरी पाळण्यापासून शिकवू नये. माणसाच्या कातडीवरून आणि कुळावरून किंमत करणाऱ्यांचा अनुभव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

मात्र फिकट रंगाची दुसरी, खरी कारणे आहेत. सुनेनेच ती पुढे सांगितली. खोलीला एकच खिडकी. काळ्या पाळण्यात ओलावा कळत नाही, मळ कळत नाही, सांध्यात ढेकूण बसला तर दिसत नाही. पहिल्या मुलाच्या वेळी त्याच्या पाठीवर गांधी उठत होत्या आणि कारण सापडायला पंधरा दिवस लागले होते. फिकट रंगावर ढेकूण लगेच दिसतो, लाकडाला चीर गेली तर तीही दिसते. हे ऐकून आक्काही गप्प झाल्या. रंग द्यायचा, असे ठरले.

तेवढ्यात धाकटा दीर पाळीवरून आला. तो पाताळगंगेच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. त्याने कोपऱ्यातून चार लिटरचा एक डबा पुढे केला. "काकी, रंगाची काळजी नको. मशिनांना मारून उरलेला आहे. चांगला घट्ट आहे, वर्षानुवर्षे निघायचा नाही. पैसा लागणार नाही."

डब्यावर ना कंपनीचे नाव होते, ना महिना-साल. झाकणावर खडूने लिहिलेला एक आकडा तेवढा होता. तो डबा पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या घरची गोष्ट

भगिनींनो, ही गोष्ट मी आजवर या सदरात लिहिली नव्हती. चाळीसएक वर्षे झाली. माझ्या थोरल्याच्या वेळी हा पाळणा दुसऱ्या घरी गेलेला होता. म्हणून आम्ही जुन्या बाजारातून लहान मुलाची कठड्याची खाट आणली. डागाळलेली, काळी. मला ती नजरेसमोर नको वाटे. माझे यजमान तेव्हा एका कारखान्यात होते. त्यांनीही असाच उरलेला डबा आणला, पिवळाधमक. आम्ही दोघांनी मोठ्या हौसेने ती खाट रंगवली. खाली काय आहे ते पाहिले नाही, डब्यात काय आहे ते विचारले नाही. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या.

सातव्या-आठव्या महिन्यात मुलाला दात येऊ लागले. तो कठडा धरून उभा राही आणि वरची पट्टी चावत बसे. पट्टीवर दातांच्या खुणा पडल्या, पिवळ्या खपल्या निघाल्या. मी त्या खपल्या त्याच्या ओठांवरून पदराने पुसल्या आहेत. पुढे तो फिकट दिसू लागला, पोट दुखते म्हणून रडे, अंगात रक्त कमी आहे असे डॉक्टर म्हणाले. शाळेत त्याचे लक्ष लागत नसे. मास्तर म्हणत, "मुलगा हुशार आहे, पण एका जागी बसत नाही." त्याचा त्या रंगाशी संबंध होता की नव्हता, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. रक्तातले शिसे तपासून घ्यावे, असे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. तो आता स्वतःच्या पायावर उभा आहे, मुलाबाळांत आहे. पण त्या पट्टीवरच्या दातांच्या खुणा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

म्हणून मी दिराला म्हटले, "बाळा, तुझी माया कळते. पण हा डबा पाळण्याला लागणार नाही."

रंगात शिसे कशाला?

शिसे हा जड धातू. त्याची संयुगे रंगात घातली की रंग खुलतो, लवकर वाळतो, ओलावा सोसतो आणि टिकतो. आपल्या ओळखीचा शेंदूर हे पूर्वापार शिशाचेच संयुग. लोखंडी पुलांना, गर्डरना गंज धरू नये म्हणून पूर्वी जो तांबडा पहिला हात मारीत, त्यातही बहुधा तेच असे. पिवळाधमक आणि नारिंगी रंग शिसे व क्रोमियम यांच्या संयुगाचा, हिरव्यातही तो मिसळत. आणि जो पांढरा रंग स्वच्छतेची खूण म्हणून आपण पसंत करतो, तो शेकडो वर्षे शिशाच्याच भुकटीपासून, म्हणजे सफेद्यापासून होत असे. आता पांढऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी टायटॅनियमची भुकटी वापरतात. तरी रंग लवकर वाळावा म्हणून घातल्या जाणाऱ्या द्रव्यांत शिसे असू शकते. तेव्हा रंग फिकट आहे म्हणून तो निर्धोक आहे, असे समजू नये.

हे जगाला कसे कळले, तेही ऐकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात, ब्रिस्बेन शहरात, मुलांना विचित्र आजार होत. पोटात कळा येत, हातपाय लुळे पडत, दृष्टी जाई. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९०४ साली दाखवून दिले की हे विष घराच्या ओसरीच्या रंगवलेल्या कठड्यांवरून येते. तिथल्या उन्हाने रंगाची भुकटी होई, मुले कठडा धरून खेळत आणि तेच हात तोंडात घालीत. १९२२ साली त्या प्रांताने मुलांच्या हाताला लागतील अशा जागी शिशाचा रंग लावण्यास कायद्याने बंदी केली. दुसरे उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातले. १९१४ साली थॉमस आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलाची हकीगत नोंदवून ठेवली. तो आपल्या छोट्या खाटेच्या कठड्यावरचा पांढरा रंग चावून खात असे. त्यातच तो दगावला. एवढे होऊनही अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली ती १९७८ साली.

शिसे मुलालाच जास्त का बाधते? मोठ्या माणसाच्या पोटात जेवढे शिसे जाते, त्यातले थोडेच अंगात मुरते. लहान मूल मात्र मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा मेंदू वाढीला लागलेला असतो. शिसे मेंदूवर घाला घालते, बुद्धी आणि लक्ष कमी करते, रक्त कमी करते. ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. आईच्या हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे ही संघटना म्हणते. वाईट हे की थोड्या शिशाची बाहेरून काहीच खूण दिसत नाही. ना ताप, ना पुरळ. मूल फक्त अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढा झगडा केला, त्याने आपल्या लेकराची बुद्धी रंगाच्या डब्यापायी घालवावी काय?

हा प्रश्न लहान नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात चिंता करावी इतके शिसे आहे. त्याला एकटा रंग कारण नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे मोठे कारण आहे, भेसळीचे मसाले आणि काही भांडीही आहेत. पण पाळण्याचा रंग आपल्या हातातली गोष्ट आहे.

कायदा आहे, पण त्याला एक फट आहे

आपल्या देशात केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबत नियम केले आणि एका वर्षाने, नोव्हेंबर २०१७ पासून, त्यांचा अंमल सुरू झाला. दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, यापेक्षा जास्त शिसे अशा रंगात असता कामा नये. म्हणजे एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम, त्याहून जास्त नाही. तसे डब्यावर छापणेही बंधनकारक आहे.

आता यातली मेख नीट समजून घ्यावी. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. यंत्रे, टाक्या, पूल यांना मारायच्या औद्योगिक रंगांना तो लागू नाही. खोपोली, रसायनी, अंबरनाथ, बदलापूर येथील कारखान्यांत काम करणारी आपली माणसे उरलेले डबे घरी आणतात. कधी मुकादम देतो, कधी भंगारवाला स्वस्तात विकतो. नेमका हाच डबा कायद्याच्या बाहेरचा. तो कितीही घट्ट आणि चकचकीत असो, मुलाच्या पाळण्याला, खाटेला, बालवाडीच्या बाकाला, झोपाळ्याला किंवा खेळण्याला लावू नये. दुकानातून घेतानाही नामांकित कंपनीचा, सीलबंद आणि शिशाचे प्रमाण छापलेला डबा घ्यावा. नियम आल्यानंतरही दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने बाजारातले डबे तपासले, तेव्हा लहान उत्पादकांच्या डब्यांत मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले होते. सुटा, मोजून दिलेला रंग तर नकोच. लहान पाळण्याला साधारण अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. तेवढा खर्च करावा.

आम्ही काय केले

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारातून सामान आणले आणि आमच्या ओळखीचा एक म्हातारा सुतार पाळणा पाहायला आला. त्याने केलेले काम क्रमाने देते. कोणालाही घरी करता येईल.

प्रथम त्याने पाळणा ठोकून पाहिला. ढिले सांधे घट्ट केले, वर आलेले खिळे बसवले. दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे आपल्या साधारण तीन बोटांच्या पेरापेक्षा, जास्त नसावी. जास्त असेल तर बाळाचे अंग फटीतून घसरते आणि डोके अडकते. एका बाजूला एक दांडी कमी होती. तिथे नवी घातली.

मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पाळणा धुतला आणि सावलीत दोन दिवस वाळवला. तेलावर, धुरावर रंग धरत नाही.

त्यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. काळ्या थराखाली काय आहे? सुताराने पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात चोळले. थर मऊ होऊन फडक्याला तपकिरी लागला. "हे लाखेचे पॉलिश," तो म्हणाला. चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून जुने कारागीर हे पॉलिश करीत. लाख पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून होते. औषधाच्या गोळ्यांनाही तिचा मुलामा देतात. म्हणजे ज्या काळ्या थराला आम्ही नावे ठेवत होतो, तो निरुपद्रवी होता.

पण पायाकडच्या दोन दांड्यांना स्पिरिट लावले, तर काहीच विरघळले नाही. नखाने जरा खरवडल्यावर पॉलिशच्या खाली पोपटी रंग निघाला. तो कधी, कोणी लावला, आक्कांनाही आठवेना. रंगाकडे बघून त्यात शिसे आहे की नाही, हे कळत नाही. अशा वेळी जुना रंग आहे म्हणजे शिसे आहे, असेच धरून चालावे.

दीर पॉलिश पेपर घेऊन घासायला बसणार, तेवढ्यात सुताराने त्याला थांबवले. जुना रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती श्वासातून जाते, अंथरुणावर, पीठ-मिठावर बसते. दिव्याच्या आचेने जाळून काढला तर धूर होतो, तो त्याहून वाईट. काढायचाच असेल तर उघड्यावर, खाली प्लास्टिक अंथरून, पाण्याने ओला ठेवत वॉटर पेपरने घासावा. तोंडाला धुळीचा चांगला मास्क हवा, नुसता रुमाल उपयोगाचा नाही. निघालेला चिखल प्लास्टिकसह गुंडाळून टाकावा. तो विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. आमच्याकडे दोनच दांड्यांचा प्रश्न होता. सुताराने त्या सरळ उपटून काढल्या आणि नव्या लाकडाच्या घातल्या. ज्या पाळण्याला सर्वांगावर असा जुना रंग आहे आणि त्याच्या खपल्या निघत आहेत, तो बाळासाठी वापरूच नये. तो मोडल्याचे दुःख करू नये. त्यापेक्षा झोळी शंभर पटीने बरी.

राहिलेल्या पाळण्यावर फक्त पॉलिश होते. ते १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषेबरोबर हलक्या हाताने घासले. चकाकी गेली आणि हाताला खरखर लागली की पुरे, लाकूड उघडे पाडायची गरज नसते. धूळ ओल्या फडक्याने पुसून घेतली. हे काम गरोदर बाईने करू नये आणि लहान मुले तिथे खेळत असता कामा नयेत. सूनबाईला आम्ही त्या दिवसांपुरते माझ्या घरी आणून ठेवले.

आता गडद लाकडावर फिकट रंग देताना हमखास होणारी फसगत. रंग मारला की पहिले दोन दिवस पांढराशुभ्र दिसतो. आठवड्याने त्यावर पिवळट, तांबूस डाग उमटतात. आणखी दोन हात मारले तरी ते वर येतातच. जुन्या पॉलिशमधला रंग आणि सागाचे तेल ओल्या रंगातून वर चढते. त्यावर उपाय तीच लाख. एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम स्वच्छ चपडा रात्रभर भिजवायचा, गाळून घ्यायचा आणि त्याचे दोन पातळ हात द्यायचे. ही लाखेची झिल्ली खालचा डाग खालीच अडवते. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून चूल, स्टोव्ह, विडी यांपासून हे काम लांब करावे.

त्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा प्रायमर एक हात. तो वाळल्यावर खड्डे, खिळ्यांची भोके लांबीने भरून पुन्हा २२० नंबरने हलके घासले. मग पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमल रंगाचे दोन पातळ हात, सायीच्या रंगाचे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले. जाड हात वरून वाळतो, आतून मऊ राहतो आणि त्याच्या खपल्या लवकर निघतात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा.

वरच्या पट्टीला मात्र रंग दिला नाही. दात येणारे मूल तीच चावणार. ती पट्टी आम्ही उघडी पडेपर्यंत घासली, गुळगुळीत केली आणि तिच्यावर लाखेचा फक्त एक पातळ हात दिला. सागाची मूळ तांबूस रेषा वर आली. आक्कांनी त्या पट्टीवरून हात फिरवला. बोलल्या काही नाहीत.

केव्हा रंगवावे?

आपल्याकडे पाऊस कसा असतो, हे मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर घाटाखालच्या हवेत कपडे वाळत नाहीत, तिथे रंग कुठला वाळणार? तो चिकट राहतो, वर बुरशी धरते. दसरा झाल्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ या कामाला उत्तम. रंग हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला आणि वास जायला तीन-चार आठवडे लागतात. तेव्हा बाळंतपणाच्या निदान दीड-दोन महिने आधी काम उरकावे. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर रंगाच्या फंदात पडू नये. पाळणा धुऊन, वाळवून तसाच वापरावा, किंवा झोळी बांधावी. काळपट पाळण्यात बाळ काही रडत नाही.

ज्यांनी पूर्वी आमच्यासारखे काही केले असेल, त्यांनी जीव टांगणीला लावू नये. पण मूल रंगाच्या खपल्या, माती खात असेल, सारखे फिकट दिसत असेल, तर डॉक्टरांना ही गोष्ट आपण होऊन सांगावी. रक्तातले शिसे तपासता येते. खपल्या निघणारी वस्तू आधी मुलापासून दूर करावी. जेवणाआधी मुलाचे हात धुवावेत, फरशी कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी मुरते. नाचणी, पालेभाजी, सुकट हे आपल्या घरातलेच अन्न त्याला उपयोगी आहे.

आणि एक शब्द रंगकाम करणाऱ्या आपल्या भावांसाठी. दुसऱ्यांच्या घरांचे, गेटांचे, टाक्यांचे जुने रंग घासणारी पोरे बहुधा आपल्याच वस्तीतली असतात. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर घासतात, त्याच हातांनी भाकरी खातात आणि त्याच कपड्यांनी घरी येऊन बाळ उचलतात. बाळाला कारखान्याचा डबा लावला नाही तरी त्याची धूळ अशी घरात येते. कामावर मालकाकडून मास्क मागून घ्यावा, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे बाहेर बदलावेत आणि वेगळे धुवावेत. घरच्या बाईने हा आग्रह धरावा. यात कुरकुर मानू नये.

सूनबाईला जानेवारीत मुलगी झाली. पाळणा खिडकीशी टांगला आहे. सायीच्या रंगावर मळ दिसतो म्हणून तो दोन दिवसांआड पुसला जातो आणि ढेकणाला लपायला जागा नाही. वाडीत आणखी एक सून अवघडलेली आहे. पोर रांगू लागले की पाळणा तिच्याकडे जाईल. आक्कांनी रंगाचा तो अर्ध्या लिटरचा डबा, त्यावरचा छापील मजकूर शाबूत ठेवून, माळ्यावर जपून ठेवला आहे. पुढे कोणी विचारले की पाळण्याला काय लावले होते, तर दाखवता यावे म्हणून.

आणि दिराचा तो चार लिटरचा डबा? तो त्याने दुसऱ्याच दिवशी कारखान्यात परत नेऊन ठेवला. "काकी, तिथे अजून तीन जण घरी न्यायला टपले होते," तो मला सांगत होता, "त्यांनाही सांगितलं."